समुद्र उजव्या हाताला

सप्टेंबर लागला की आमच्या वोल्फ्सबुर्गच्या ऑफिसात पुढच्या वर्षीच्या रजा ठरायच्या. ऊर्लाउबची मीटिंग म्हणजे तिथे लग्नाच्या बैठकीइतकी गंभीर बाब. कोण पुढच्या ऑगस्टात क्रोएशियाला कुठल्या हॉटेलात उतरणार, समुद्राकडची खोली मिळाली की बागेकडची, सगळं सांगून व्हायचं. मग टीमलीडर दादाकडे वळायचा.

"आणि तू?"

"जानेवारी. तीन आठवडे. इंडिया."

"सुंदर! इंडियात कुठे?"

"माल शाउएन," दादा म्हणायचा. म्हणजे बघू.

जर्मन माणूस 'बघू' म्हणतच नाही असं नाही. पण ते संध्याकाळी बिअर प्यायला जायचं का, एवढ्यापुरतं. तीन आठवड्यांच्या रजेबद्दल कुणी 'बघू' म्हटलं की त्या टीमलीडरचं पेन कागदावरच थांबायचं. तो बिचारा विचारायचा, हॉटेल? दादा मान हलवायचा. गाडी? नाही. निदान कुठल्या गावी उतरणार? "जिथे गेल्या वर्षी चढायचं राहिलं, तिथे." यानंतर कुणीतरी कॉफी आणायला उठायचं.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ नव्हे, ऑफिसातला, नागपूरचा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, सडाफटिंग, आणि त्याचं काम असं की ऐकणाऱ्याला खरं वाटू नये. नव्या गाड्यांवर पाण्याचे फवारे मारायचे आणि दारांच्या रबरातून थेंब आत येतो का ते बघायचं. वर्षभर गाडीत पाणी शिरू नये म्हणून पगार घ्यायचा आणि जानेवारी आला की स्वतः पाणी शोधत निघायचं. मी पुण्याची, त्याच मजल्यावर सॉफ्टवेअर तपासणारी. मला तो नावाने कधी हाकच मारायचा नाही, 'पुणेकर' म्हणायचा. "काय करून राहिली, पुणेकर? चल, चहा घेऊ." बुद्धपौर्णिमेला अख्ख्या मजल्याला पुरेल एवढी खीर करून आणायचा आणि जर्मन लोकांना उभं राहून वाढायचा. नको म्हणणाऱ्याला दुप्पट.

त्याचा तो प्रवास म्हणजे भारताचा अख्खा किनारा, एसटी आणि पॅसेंजरने, एकट्याने, तुकड्यातुकड्याने. गुजरातेत कधीतरी सुरुवात केलेली. रजा जिथे संपेल त्या बसस्टँडवर थांबायचं, आणि पुढच्या जानेवारीत त्याच बसस्टँडवरून पुढे. मी ओळखायला लागले तेव्हा स्वारी कारवारच्या खाली होती. रिझर्वेशन कधी नाही. बस कुठे जाते हेही विचारायचं नाही. कंडक्टरला एकच प्रश्न, तोही हातवारे करून: समुद्र उजव्या हाताला राहील का?

"उजव्याच का रे?" मी एकदा विचारलं.

"नकाशा डोळ्यांसमोर आण. पश्चिमेकडून खाली उतरलं तर उजव्या हाताला. कन्याकुमारीला वळसा घालून पूर्वेकडून वर चढलं, तरी उजव्याच. उजव्या खिडकीशी बसलं की चुकायचा प्रश्न येत नाही."

यात चुकायचा प्रश्न येत नाही म्हणणारा हा माणूस केरळात अर्धा दिवस डाव्या हाताला खाडी बघत बसला होता आणि त्याला वाटलं, समुद्रच बाजू बदलून आला. कळलं तेव्हा खाली उतरला, रस्ता ओलांडला, समोरून येणाऱ्या बसमध्ये बसून परत. वर मला सांगतो, "दोन्ही वेळा डाळवडा एकाच माणसाकडे खाल्ला. दुसऱ्यांदा त्यानं चटणी जास्त दिली."

राहायचं बसस्टँडजवळच्या लॉजवर. लॉजवाल्याला खोली दाखवा म्हणायचं नाही, गच्ची दाखवा म्हणायचं. गच्चीवरून पाणी दिसलं की खोली कशीही असली तरी चालते, हे त्याचं शास्त्र. जेवायचं जिथे कंडक्टर जेवतो तिथे. आणि उतरायचं जिथे टोपल्यावाल्या बाया उतरतात तिथे, कारण त्या उगाच उतरत नाहीत.

हेच शास्त्र तो जर्मनीतही चालवायचा. महिनाभराचं तिकीट खिशात, शनिवारी कुठल्याही रेगिओमध्ये, म्हणजे तिथल्या पॅसेंजरमध्ये, चढायचं आणि म्हाताऱ्या उतरतील तिथे उतरायचं. अशाने त्याने निम्म्या जर्मनीतली कबरस्तानं पाहिली. एकदा मात्र ठरवून उत्तर समुद्रावर गेला. सोमवारी आला तो फुगूनच. "पुणेकर, समुद्र नव्हता गं." म्हणजे ओहोटी होती, मैलभर नुसता चिखल. तिथल्या बाईने पाटीवरचं भरतीचं वेळापत्रक दाखवून सांगितलं, साडेचारला या. "या देशात समुद्रसुद्धा टर्मिन देतो, अपॉइंटमेंट!" परत काही तो तिकडे फिरकला नाही.

माझ्या नवऱ्याला या सगळ्याची भुरळ पडली. एका रविवारी आमच्याकडे जेवताना त्याने धीर करून विचारलं, "दादा, यंदा मीही येऊ का?" दादाने वरणाची वाटी खाली ठेवली. "राग मानू नको. पण दोन माणसं झाली की प्लॅन होतो." आणि पुन्हा वाटी उचलली. नवरा महिनाभर धुसफुसत होता.

आता खरी गोम. या जानेवारीच्या वारीचा पत्ता नागपूरला कुणालाही नव्हता. आईलासुद्धा नाही.

दिवाळीच्या सुमारास तो रीतसर घरी जायचा. चॉकलेटं, परफ्यूम, सगळं घेऊन. तिथे धाकटा भाऊ, त्याची बायको, जिला दादाही वहिनीच म्हणायचा, आणि निवृत्त मास्तरीण आई. वडील कधीच गेले होते. घरी पोचला की त्याला सोफ्यावर बसवायचे आणि सगळे नातेवाईक बघायला यायचे. कुणाच्या पोराला जर्मनीत कुठला कोर्स बरा, कुणाच्या भाचीसाठी स्थळ, आणि मध्येमध्ये खा, अजून खा. जानेवारीतही इंडियात येतो असं सांगितलं असतं तर ते तीन आठवडेही त्याच सोफ्यावर गेले असते. म्हणून सांगायचंच नाही.

"पण कळलं तर?" मी म्हटलं.

त्याचं नेहमीचं हसू तेवढ्यापुरतं गेलं. "आईला कळलं की मी देशात येऊन तिच्या दारात आलो नाही, तर ती मला काही बोलणार नाही. पण तिला फार लागेल. ते नाही होऊ द्यायचं."

म्हणजे सोडायचं नाही आणि कळूही द्यायचं नाही. आणि त्यासाठी त्याने मला कामाला लावलं.

आईला दर दोन दिवसांनी फोन हवा आणि फोनवर जर्मनीतली थंडी हवी. हा कन्नूरच्या स्टँडवर बनियनवर उभा राहून आईला सांगणार, बर्फ पडून राहिला. आई म्हणणार, दाखव. मग मला मेसेज: 'पुणेकर, बर्फ पाठव.' आता वोल्फ्सबुर्गला बर्फ पडतो किती? जानेवारीभर नुसती राखाडी रिपरिप. पहिल्या वर्षी मी साठवलेल्या फोटोंवर भागवलं. दुसऱ्या वर्षी तेही संपले आणि आम्ही रविवारी गाडी काढून चक्क हार्झच्या डोंगरात बर्फ आणायला गेलो. नवरा गाडी चालवत बडबडतोय, मी पायऱ्या, कठडे, झाडं जे दिसेल त्याचे फोटो काढतेय, आणि मागच्या सीटवरून आमची सहा वर्षांची लेक, जी मराठी सगळं समजून उत्तर जर्मनमध्येच देते, ती विचारतेय की ही आजी कोण आणि तिला खोटे फोटो का पाठवायचे. "ममा, दास इस्ट गेलोगन!" खोटं आहे हे. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, बेटा, चॉकलेट खा.

त्यात दादाने आईला माझा नंबर देऊन ठेवलेला, अडीअडचणीला असावा म्हणून. एका जानेवारीत त्याचा फोन लागेना, तर आईंनी मला लावला.

"जय भीम, पोरी. तो फोन नाही उचलून राहिला. बरा आहे ना?"

"जय भीम, आई. एकदम बरा आहे. मीटिंगमध्ये आहे."

"आज? रविवारी?"

मेले. जर्मनीत रविवारी कपडे वाळत घालायलासुद्धा लोक बिचकतात, हे दादाने त्यांना दहा वेळा सांगितलं असणार.

"अर्जंट आहे, आई. गाडीत पाणी शिरलं एका."

"अस्सं," आई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तो तिकडे एकटाच राहते ना? खरं सांगजो."

"एकटाच, अगदी एकटाच," मी म्हटलं. हे तरी खरं होतं, त्यामुळे जरा जोरातच बोलले. पलीकडे फोन ठेवला गेला.

आणि मग ते झालं, ज्याची मला सगळ्यात भीती होती. दादा तेव्हा कन्याकुमारी पार करून, अख्खं तमिळनाडू चढून आंध्रात मछलीपट्टणमला पोचलेला. मी टेस्टरिपोर्ट लिहीत बसले होते. त्याचा फोन आला. मागे हॉर्न, माणसांचा गलका.

"आई पडली. न्हाणीत घसरली. मनगट मोडलं, उद्या ऑपरेशन आहे. भावाचा फोन होता, म्हणतो, तिकीट मिळेल तसं ये."

"मग निघ ना!"

"निघालो तर उद्या सकाळी पोचतो. जर्मनीहून उद्या सकाळी कोण पोचतं?"

"मग काय दोन दिवस तिथेच बसणार आहेस? हिशोबात बसावं म्हणून?"

तो म्हणाला, "नाही. ती ऑपरेशनला जाताना मी पाहिजे." आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कंडक्टरला विचारताना ऐकलं, बस कुठे जाते.

पुढचं त्याने मला परत आल्यावर कांटीनमध्ये सांगितलं, सूप गार करत.

सकाळी हॉस्पिटलात पोचला तो रबरी चपला घालून. नाकाची सालं निघालेली, अंग काळंठिक्कर, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत सुकट, कारण ती त्याने दोन दिवसांपूर्वी वोल्फ्सबुर्गला नेण्यासाठी घेतलेली. भाऊ बघतच राहिला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, विमान एवढं लवकर?" दादाने पिशवी खाली ठेवली. सगळी खोली सुकटीच्या वासाने भरली.

आई खाटेवर होत्या, हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी मुलाकडे वरपासून चपलांपर्यंत एकदा बघून घेतलं.

"मीच बोलावलं त्याले," त्या म्हणाल्या. "परवाच फोन केला होता."

"पण आई, तुम्ही तर काल पडल्या," वहिनी म्हणाली.

"चक्कर परवापासूनच येऊन राहिली होती. तुमाले सांगितलं असतं तर तुमी मले पलंगावरून उठू दिलं असतं का?"

भाऊ औषधं आणायला गेला, वहिनी चहा आणायला. आई म्हणाल्या, "दार लाव." त्याने दार लावलं.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"मले नको शिकवू. तीस वर्ष पोरं सांभाळली मी. दर जानेवारीत तुझी नाटकं चालते. तू बर्फात आहो म्हणते अन् मागं कोंबडा आरवते. ती पुण्याची पोरगी रविवारची मीटिंग सांगते. तुझी बाई आहे इथं. एका रात्रीत पोचला, म्हणजे हैद्राबादची आहे का?"

"आई, बाई नाही. बस आहे."

"काय?"

"बस. मी बसनं फिरतो. समुद्राच्या काठाकाठानं. दरवर्षी."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. "एवढं लपवलं ते बससाठी?"

इथपर्यंत ऐकून मी सूप सांडेपर्यंत हसले. दादा हसला नाही. म्हणाला, "पुढे ऐक. तिनं त्या बाईसाठी साडी घेऊन ठेवली होती. कपाटात, वहिनीपासून लपवून. कुठल्याही जातीची असो, गोरी असो, काळी असो, आणेल तेव्हा देईन म्हणून. ती रडली गं. म्हणाली, बाई असती तर मी समजली असती. बाईपायी पोरगा आईले विसरते, जगात होते तसं. पण तू नुसताच फिरून राहिला, अन् इकडे वळला नाही."

त्याने मग सगळं खरं सांगून टाकलं. घरी आलं की सोफा, नातेवाईक, खा खा, एका जागी बसवून ठेवता तुम्ही मला. त्यावर आई म्हणाल्या, "अन् मी कुठं बसली आहे इतकी वर्षं?"

दादा सूपमध्ये चमचा फिरवत राहिला. "मला हे कधी सुचलंच नाही, पुणेकर. वर्गात नकाशावर छडी ठेवून ती पोरांना अख्खा किनारा म्हणायला लावायची. मीही त्याच वर्गात होतो. ऑपरेशनला नेताना मला म्हणाली, समुद्र मीबी पाहिला आहे. सहा डिसेंबरले, दादरले. लाईन पुढं होती अन् तो पाठीमागं. वळून पाह्यलं असतं, पण धक्क्यात नंबर गेला असता."

तो आठवडाभर नागपूरला राहिला, आणि आई त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. निघताना पाया पडला तर डोक्यावर हात ठेवला, पण दारापर्यंत आल्या नाहीत. सुकट त्याने मला देऊन टाकली. नको म्हणाला, घशाखाली उतरत नाही.

पुढच्या सप्टेंबरात मीटिंगमध्ये टीमलीडर त्याच्याकडे वळला, आधीच घाबरलेला. दादा म्हणाला, "दिवाळीला दोन आठवडे, नागपूर. बस." टीमलीडरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लिहून घेतलं. मला मात्र इतकं वाईट वाटलं की मी कॉफी आणायला उठले. किनारा मछलीपट्टणमच्या बसस्टँडवर अडकला होता. आई फोनवर तुटक बोलत होत्या. आणि पडल्यापासून घरचे त्यांना एकटीला फाटकाबाहेरही सोडत नव्हते, हे दादाच सांगायचा. वारंवार सांगायचा.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर नवऱ्याला बॉनमध्ये नोकरी लागली आणि आम्ही वोल्फ्सबुर्ग सोडलं. दादाने सामान चढवायला मदत केली आणि खोक्यांवर पाण्याचा पाइप मारून बघू का, म्हणून विचारलं. मग नेहमीसारखंच झालं. आधी फोन, मग मेसेज, मग नुसत्या शुभेच्छा.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. शनिवारची सकाळ, बाहेर बॉनचा पाऊस. फोन वाजला. नाव बघून मी दचकले: दादाची आई.

"जय भीम, पोरी. ओळखलं का?"

"जय भीम, आई! बऱ्या आहात ना?"

"एकदम मस्त. मी जर्मनीत आली आहे."

मी खरोखर खिडकीशी जाऊन खाली बघितलं, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभ्या आहेत की काय. "कधी आलात? कुठे उतरलात?"

उत्तराच्या आधी एक दणदणीत हॉर्न वाजला, आणि कुणीतरी तेलुगूत खच्चून ओरडलं.

"आई... तुम्ही कुठे आहात?"

"सांगून राहिली ना, जर्मनीत. तो मले न्यायले आला होता. हैद्राबादवरून विमान आहे म्हणून सांगितलं घरी. सगळे स्टेशनवर आले, हार घातले, पेढे दिले. सुनेनं मंकीटोपी देल्ली, दोन स्वेटर देल्ले. इथं घामानं जीव चालला माझा!" आणि त्या अशा खळखळून हसल्या की मलाही आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

"ऐक, काम आहे तुझ्याकडे. घरून सारखे फोन येऊन राहिले. बर्फ दाखवा म्हणते. पाठव."

"आई, मी आता बॉनला असते. इथे बर्फच पडत नाही हो."

"मग जाय ना त्या डोंगरात. मागं जात होती तशी. तो सांगते मले सगळं आता."

"तो डोंगर आता फार लांब पडतो..."

मागे स्वयंपाकघरात डबा आपटल्याचा आवाज आला. आमची लेक, आता चांगली माझ्या खांद्याएवढी झालेली, सगळं ऐकत होती. खोटं आहे म्हणून गाडीत भांडलेली तीच. तांदळाच्या पिठीचा डबा घेऊन ती बाल्कनीत गेली, कठड्यावर, कुंड्यांवर, माझ्या नवऱ्याच्या सायकलच्या सीटवर मूठमूठ पिठी भुरभुरवली, आणि माझ्या हातातल्या फोनकडे तोंड करून चक्क मराठीत ओरडली, "आजी, दोन मिनिटं थांब!"

"कोण आहे? नात का? हुशार आहे," आई म्हणाल्या.

फोटो गेला. बर्फ माझ्या आजवरच्या सगळ्या बर्फांपेक्षा खरा दिसत होता. पलीकडे बस सुरू झाल्याचा आवाज आला, काचा खडखडायला लागल्या.

"आई, आता पुढचा प्लॅन काय?"

"प्लॅन कुठला? मी म्हटलं उतर, की तो उतरते."

"समुद्र दिसतोय का?"

"दिसते ना. हा काय, उजव्या हाताले." वारा फोनमध्ये शिरत होता. "मोठा आहे बाई फार. नकाशात एवढा नव्हता."

"आणि दादा कुठे आहे?"

"डाव्या हाताले. तोंड पाडून बसला आहे."

"म्हणजे खिडकी त्याने तुम्हाला दिली?"

"कायले देते तो! मी आधी चढली."